गुरुवारच्या न पुसलेल्या पाट्या

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब, तालीमात (शिक्षण) खाते,
जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार : गिरिजाबाई भ्रतार शांतलिंग बिराजदार, शिक्षिका, सरकारी प्राथमिक शाळा, मौजे बेलकुंडी.

विषय : तीन शिक्षकांनी गुरुवारी एकत्र बसून मुलांच्या पाट्या पाहिल्या, त्यास जलसा, म्हणजे बिगरपरवानगी सभा, समजू नये, आणि विरुपाक्ष मास्तर यांस सोमवारी अदालतीपुढे उभे करण्यापूर्वी हा अर्ज वाचावा.

संदर्भ : कागद कोणताच नाही. पोलीस अमीन साहेबांनी जे सांगितले ते तोंडी सांगितले.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदार ही आपल्या खात्याची तीन वर्षांची नोकर. पुण्यास इंटरपर्यंत शिकलेली. पूर्वी गावात हे कौतुकाने सांगत, हल्ली आवाज खाली करून सांगतात, म्हणून तिने स्वतःच नमूद केले आहे. पदरी सात वर्षांची नीलम्मा, दुसरीत शिकणारी, आणि आठ महिन्यांचा अंगावर पिणारा मुलगा. नवरा सरकीचा व्यापारी. महिन्यातले वीस दिवस सोलापुरात, म्हणजे सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात असतो. हेही दडवलेले नाही.

२. शाळेत शिक्षक तीन. उर्दूला मौलवी मुनीरोद्दीन साहेब, मराठीला अर्जदार, गणिताला विरुपाक्ष मास्तर. बारा वर्षे मास्तर आपल्या तासाचे राजे होते. दुसरीच्या बत्तीसपैकी बावीस मुलांची वजाबाकी चुके आणि मास्तरांची छडी चाले. इरम्मा नावाची एक मुलगी तर गणिताची घंटा झाली की पोट धरून बसे. अर्जदार खिडकीतून पाही आणि गप्प राही, कारण दुसऱ्याच्या वर्गात डोकावू नये असा रिवाज. पण नीलम्माही पोट धरू लागली तेव्हा तिने मास्तरांपुढे विषय काढला. मास्तर म्हणाले, "बाई, माझ्या तासात तुमचं नाक कशापायी?" त्यावर मौलवी साहेब हसून म्हणाले, "पोरगी एकच हाय मास्तर. आपणच तिचे तीन तुकडे करून वाटून घेतलेत."

३. त्या एका वाक्यावरून बैठक सुरू झाली. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी शेवटच्या तासाला मुलांस सांगितले जाई की पाट्या पुसू नका, उत्तरेच्या भिंतीला टेकवून घरी जा. मग तिघांनी एकेक पाटी पाहायची. कुणाचा वर्ग, कुणाची चूक, हा शब्द काढायचा नाही. मूल कुठे अडले एवढेच बोलायचे. याखेरीज त्या खोलीत कधीही काही झाले नाही. अर्जदाराचे मूल झोळीत असे आणि वाऱ्याने त्यास खोकला होई, म्हणून दार लावलेले असे. दार लावण्याचे दुसरे कारण नव्हते.

४. दुसऱ्याच गुरुवारी चूक सापडली. बावन्नातून सत्तावीस गेले, तर बावीस पाट्यांवर उत्तर एकच : पस्तीस. मुले डावीकडून हिशेब धरीत. आधी पाचातून दोन काढीत, तीन मांडीत; मग बारातून सात, पाच. उसना घेतलेला दहा परत द्यायचा राहून जाई. मौलवी साहेब पाटी हातात धरून म्हणाले, "मास्तर, तुमचा हिशेब तर आमच्या उर्दूवानी चालतो की! उजवीकडनं." मास्तरांनी विचारले, गणिताआधी तास कुणाचा? तास अर्जदाराचा, तिच्या आधीही मराठीचाच. पाऊण तास मराठी डावीकडून वाचून मुले उठत आणि तोच हात घेऊन गणिताला बसत. बारा वर्षांची छडी खाल्ली ती त्या घंटेपायी. शनिवारी छडी कोपऱ्यात दिसली नाही.

५. मग तासांची अदलाबदल करण्यात आली : आधी उर्दू, मग गणित, मग मराठी. आणि प्रत्येक पाटीच्या लाकडी चौकटीवर, उजव्या बाजूस, एक काळा बाण काढण्यात आला, डावीकडे तोंड केलेला. हेतू हा की, मुलाने कुठून सुरुवात करायची ते पाटीनेच सांगावे. पाचव्या गुरुवारी चुकणारी मुले सहा उरली. इरम्मा पोट धरत नाही. हे आपल्या तपासनिसांस शाळेत येऊन केव्हाही पाहता येईल, पाट्या परत मिळाल्या तर.

६. गेल्या गुरुवारी चार वाजता अमीन साहेब दोन जवानांसह दार ढकलून आत आले. बिगरपरवानगी जलशाची खबर त्यांना कुणी दिली ते अर्जदारास ठाऊक नाही, ठाऊक करून घेण्याची हिंमतही नाही. भिंतीला एकतीस पाट्या होत्या. नीलम्मास ताप असल्याने तिची घरी होती. अमीन साहेबांनी पाट्यांकडे तोंड करून विचारले, "हे बाण कुठल्या दिशेला?" ते स्वतःच म्हणाले, "मावळतीकडं. आणि मावळतीला सोलापूर, सरकारच्या दुश्मनांचा अड्डा. एकतीस घरांत एकतीस बाण चाललेत, बंद दाराआड, अन् तुम्ही मला वजाबाकी सांगता?" मग विचारले, बाण कुणी काढले?

मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गणिताचा मास्तर म्या हाय."

एवढेच म्हणाले. साहेबांनी कृपया ध्यानी घ्यावे, की बाण आपण काढले असे ते म्हणाले नाहीत. अमीन साहेब अर्जदाराकडे वळले, झोळीकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, लेकरू उचला अन् घरी जा." अर्जदार लेकरू उचलून घरी गेली.

७. त्यास आज पाच दिवस झाले. मास्तर ठाण्यात आहेत, जप्त पाट्याही तिथेच. त्यांची म्हातारी आई, नागम्मा, रोज भाकरी घेऊन जाते आणि रोज तीच भाकरी परत आणते. मौलवी साहेबांच्या दाराशी जवान बसतो, म्हणून या अर्जाचा उर्दू तर्जुमा करून घेता आला नाही, माफी असावी. मुले पाटीवाचून धुळीत लिहितात आणि कुणी येताना दिसले की पायाने पुसतात. काल नीलम्माने विचारले, "आई, माझा बाण पुसू का?" अर्जदार ही शिकलेली बाई, शिक्षिका, आणि ती म्हणाली, पूस.

८. तरी विनंती अशी. तिघांच्या बसण्याचीच भीती वाटत असेल तर दार उघडे ठेवू. ते पुरत नसेल तर चावडीपुढे रस्त्यावर बसू. तिघे म्हणजे जमाव होत असेल तर एकेकाने आत जावे, पाट्या पाहून यावे, आणि दुसऱ्याकडे न बघता निघून जावे. बोलण्यास हरकत असेल तर बोलणार नाही. एक जवान मध्ये बसवावा. त्यासही उसना घेऊन वजाबाकी दाखवू. बाण नको असेल तर बाण नको. पाट्या दक्षिणेच्या भिंतीला लावल्या तर तेच बाण उगवतीकडे जातात, हेही सुचवून पाहावेसे वाटते, पण त्या दिशेला कोणाचे काय असेल कुणास ठाऊक, म्हणून सुचवत नाही.

९. वर कलम पाचात "बाण काढण्यात आला" असे लिहिले आहे. हे कलम अर्जदाराने चार वेळा लिहिले आणि चारही वेळा तसेच लिहिले. कोणी काढला ते लिहिताना हात थांबतो. मूल अंगावर पिते, नवरा सोलापुरात, आणि बाण सोलापूरकडे. अमीन साहेबांस याहून अधिक काय हवे?

साहेब, बाण मी काढले. एकतीसही मीच. बाळाच्या डबीतल्या काजळाने, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने. मास्तरांनी काजळाला हातही लावलेला नाही. प्रत्येक बाणाच्या शेपटाला माझ्या बोटाचा ठसा उमटलेला आहे, नीट पाहिले तर रेषा दिसतात. मास्तरांचे बोट माझ्या दुप्पट जाड आहे. ठाण्यात ते समोरच बसलेले आहेत, ताडून पाहायला पाच दिवस लागायला नको होते. पण त्यांनी पाहिले नाही आणि मी सांगितले नाही.

मला बोलावणे आले तर मी येईन. फक्त लेकरू बरोबर आणू द्यावे.

सोमवारच्या आत उत्तराची आस धरून बसलेली, नम्र,

गिरिजाबाई शांतलिंग बिराजदार
(सही स्वतःच्या हातची)

मौजे बेलकुंडी
ता. १४ इस्फंदार १३५६ फसली, मुताबिक जानेवारी १९४७

सोबत : पाटी एक, नीलम्माची. हरणाबाई कासारणीच्या बांगड्यांच्या पेटीत गवत घालून पाठवली आहे. पुसलेला बाण आज पुन्हा काढला आहे; ठसा जप्त पाट्यांशी ताडून पाहावा. पाटीवरची वजाबाकी मुलीने स्वतः केली, उत्तर पंचवीस, बरोबर आहे. कृपया पुसू नये.