दुसऱ्या विश्वाचं ना-हरकत पत्र

३ सप्टेंबर
आमच्या विभागातल्या तरुण शिक्षकाने, बिशॉयने, पीएचडीच्या प्रबंधाचा विषय आणलाच — अनेक विश्वं!
"मोजता येतात?"
"नाही, डॉक्टरबाई."
"दिसतात?"
"नाही."
"मग हे भौतिकशास्त्र नव्हे. कॅफेतल्या गप्पा." तीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले.
त्याचं तोंड एवढंसं झालं. महिनाअखेर नोंदणी झाली नाही, तर त्याचं शिकवणं बंद. कचेरीत फायली लावायला बसवतील. विभागप्रमुख म्हणून सही केली. वैतागून.

९ सप्टेंबर
नोंदणीच्या मदाम इनायतनी अर्ज परत पाठवला! 'संशोधनाचं ठिकाण' या रकान्यात बिशॉयने प्रामाणिकपणे लिहिलं — इतर विश्वं. आता तिथल्या कचेरीचं ना-हरकत पत्र हवं. सरकारी गरुडाचा शिक्का मारलेलं.
"किती आहेत रे राजा?"
"अगणित, मदाम."
"मग एक मूळ प्रत आण. बाकीच्यांच्या झेरॉक्स चालतील."

११ सप्टेंबर
स्वतः गेले. मदाम वालाच्या उसळीचं सँडविच खात होत्या.
"अहो, तिथे पत्र जात नाही. काहीच जात नाही!"
"कैरोलाही जात नव्हतं. गेलं शेवटी." मग घास गिळून — "जाता येत नाही, दिसत नाही. हे कसलं भौतिकशास्त्र, डॉक्टरबाई?"
माझंच वाक्य! असा संताप आला! तासभर भांडले — सिद्धांताची बाकीची भाकितं मोजून खरी ठरत असतील, तर त्यातूनच निघणारं विश्व केवळ दिसत नाही म्हणून खोडायचं? घसा बसला.
मदाम म्हणाल्या, "पटलं. शिक्का आणा."

१२ सप्टेंबर
सव्विसाव्या वर्षी मीही हाच प्रश्न घेऊन सरांकडे गेले होते. "हे भौतिकशास्त्र नव्हे," म्हणाले. ट्रामच्या थांब्यावर मी सगळे कागद फाडले. कुणाला कधी सांगितलं नाही. चांगले होते ते कागद.

२८ सप्टेंबर
दोनच दिवस उरले. पत्र मीच लिहिलं. "हरकत नाही. — डॉ. साफिनाज, विभागप्रमुख, दुसरं विश्व." शिक्का आमच्याच कपाटातला.
मदामनी सही ताडून पाहिली. "अगदी तुमच्यासारखीच की हो!"
"असणारच."
नोंदणी झाली!! बिशॉय खिडकीपाशीच रडला.

२ ऑक्टोबर
बिशॉयच्या आईने बसबूसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, ताट पाठवलं. चिठ्ठीत — 'दोन्ही डॉक्टरबाईंना.' एकटीने संपवलं.

१० ऑक्टोबर
कुलसचिवांचं पत्र. एका व्यक्तीला दोन ठिकाणी विभागप्रमुख राहता येत नाही. कुठल्या पदाचा राजीनामा देता, आठ दिवसांत कळवा.
लगेच कळवलं. इथल्या.