खुर्चीसाठी सभात्याग

३ नोव्हेंबर, सकाळ
हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन काल व्यवस्थित पार पडलं. शनिवारी घरी सोडणार. डॉक्टरांची एकच अट: जमिनीवर बसायचं नाही, खोल सोफ्यात तर नाहीच. उंच बैठकीची, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली खुर्ची हवी. हात धरल्याशिवाय तिला उठता येणार नाही.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी मॉलमधून मागवते. उद्या घरपोच येईल." साफ नकार दिला. जुना बाजार बचाव समितीचा अध्यक्ष बायकोला मॉलच्या खुर्चीवर बसवतो, हे बाहेर गेलं तर समितीत फूट पडेल. (समितीत सध्या मी आणि घड्याळवाला. फूट पडायला दोघं पुरतात.)

खुर्ची उद्या घरात असेल.

संध्याकाळ
सोफा भंगारवाल्याला देऊन टाकला. परिवर्तनासाठी आधी जागा मोकळी करावी लागते. हॉल सभागृहासारखा दिसतोय. घरात आता पलंग आणि दोन स्टुलं. पलंग बुटका आहे, पण तो प्रश्न तूर्त विषयपत्रिकेवर नाही.

४ नोव्हेंबर
वेशीतून जुन्या बाजारात शिरलो. दगडी कमान, अरुंद गल्ली, रंध्याचा आवाज, पॉलिशचा वास. माणसानं माणसाशी बोलून वस्तू घ्यावी अशी जगातली शेवटची जागा. आणि खुर्ची दिसली. शिसवी, वेताची बैठक, हात असे की दोन्ही बाजूंनी कुणी आधार द्यायला उभं राहिलंय. बसून पाहिलं. उठून पाहिलं. मनात म्हटलं, हीच.

दुकानदारानं किंमत सांगितली. मी निम्मी सांगितली. मग त्याला समजावलं की ठरलेली किंमत ही हुकूमशाही असते आणि घासाघीस ही लोकशाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला, थोडं खाली आला. मला थोडं नको होतं. तत्त्व हवं होतं. शेवटी सभात्याग केला.

सभात्यागाचा नियम सगळ्या बाजारांत एकच. गिऱ्हाईक उठतं, चालू लागतं, आणि मागून हाक येते, "या साहेब, घेऊन जा." त्याला विचाराला वेळ मिळावा म्हणून मी पावलं लहान टाकली. वेशीपर्यंत पोचलो. हाक नाही.

माणूस संथ विचारांचा दिसतो. उद्या हाक मारेल.

५ नोव्हेंबर
दुकानावरून गेलो. समोर वेग कमी केला, चपलेचा पट्टा सारखा केला. त्यानं नमस्कार केला. मी थंडपणे परत केला. आत गेलो नाही. सभात्याग करून न बोलावता परतणारा माणूस सार्वजनिक जीवनातून उठतो.

संध्याकाळी पुन्हा गेलो. त्यानं हात वर केला! ऊर भरून आला. हात चहावाल्यासाठी होता.

हॉस्पिटलात हिनं विचारलं, "मिळाली का खुर्ची?" म्हटलं, बोलणी निर्णायक टप्प्यावर आहेत. ही म्हणाली, "अहो, खुर्ची आणताय की तह करताय?" औषधांचा परिणाम असावा.

६ नोव्हेंबर
लेकीला खुर्चीचा फोटो हवा. समोरच्या फुटपाथवरून काढून पाठवला. तिचं उत्तर: "मस्त. पण आपल्या हॉलमधून स्कूटर कशी चाललीये?" कळवलं की नेटवर्क खराब आहे.

दुपारी मॉलमध्ये गेलो. केवळ शत्रूच्या अभ्यासासाठी. काचेची दारं आपोआप उघडतात, म्हणजे कुणाला 'येऊ का' असं विचारण्याची सोयच नाही. ऱ्हास इथूनच सुरू होतो. खुर्ची दुर्दैवानं चांगली होती. काउंटरवरच्या मुलीला निम्मी किंमत सांगितली. तिनं टॅग दाखवला. मी मानवी प्रतिष्ठेवर बोललो. माणसं जमली, त्यातल्या एकानं मला टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. बोलणं संपल्यावर मुलगी म्हणाली, "सर, मेंबरशिप कार्ड आहे का?"

सभात्याग. दारापाशी पोचलो तोच मागून आवाज, "ओ काका, थांबा."

अखेर! सावकाश वळलो. विचारलं, "बोला, किती कमी करताय?" वॉचमन म्हणाला, "काका, बगलेतली उशी."

खुर्ची तपासताना त्यांची उशी माझ्याकडे राहिली होती. काहीतरी वाजत होतं, ते मला मॉलचं संगीत वाटलं. गैरसमज दूर झाला. पण नोंद घेण्यासारखी गोष्ट ही की मला सहज जाऊ देणं त्यांनाही जमलं नाही.

७ नोव्हेंबर
खुर्ची दुकानाबाहेर दिसली नाही. घड्याळवाल्याला सामान्य गिऱ्हाईक म्हणून आत पाठवलं. तो बातमी घेऊन आला की खुर्ची आत आहे, विकलेली नाही. शिवाय स्वतःसाठी एक टेबल घेऊन आला. सांगितलेल्या किमतीत! म्हणाला, "भाव बरोबर होता, मग कशाला बोलायचं?"

समितीत फूट पडली आहे.

उद्या सकाळी शेवटची फेरी. उद्या त्याला हाक मारावीच लागेल.

८ नोव्हेंबर
दुकान उशिरा उघडतं. कुलपासमोर उभा राहून आलो.

मग लेक हिला हॉस्पिटलातून गाडीनं घेऊन आली. वॉकर धरून ही हॉलमध्ये आली आणि बसायला जागा शोधू लागली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुद्दा असा आहे..." हिचा पाय थरथरत होता. ओठावर घाम होता. ही भिंतीला टेकली आणि म्हणाली, "फोन द्या इकडे."

ह्याच दुकानातून हिनं मागे कपाट घेतलं होतं. नंबर होता. "भाऊ, ती वेताची खुर्ची आहे ना अजून? हो, आमचे हे रोज बघून जातात तीच. तुम्ही म्हणाल तेवढे देते, पण लगेच पाठवा, मी उभी आहे." पलीकडचं ऐकून ही भिंतीला टेकल्या टेकल्या हसली. तो म्हणे म्हणाला, "मला वाटलं साहेबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

खुर्ची हातगाडीवरून आली. हॉस्पिटलात शिकवल्याप्रमाणे हिनं मागे सरकून खुर्चीचे दोन्ही हात चाचपले, हळूहळू खाली बसली आणि डोळे मिटले. लेक औषधं आणायला गेली. मी स्टूल ओढून समोर बसलो आणि माझी भूमिका स्पष्ट करायला सुरुवात केली.

"थांबा," ही म्हणाली. "आधी धड बसू द्या." मग डोळे उघडून म्हणाली, "हं. बोला आता."

आयुष्यभर अशा श्रोत्याची वाट पाहिली. समोर बसलेला, ऐकायला तयार, आणि मध्येच उठून जाणं ज्याला शक्यच नाही. तोंड उघडलं. एक वाक्य सुचलं नाही.

थोड्या वेळानं ही म्हणाली, "पाय ठेवायला काहीतरी द्या."

बसलो होतो ते स्टूल तिच्या पायाखाली सरकवलं आणि तसाच उभा राहिलो.