नाबविरेचा विषय आणि माझी सिम्बा

पुन्हा सांगतो, तुझ्या प्रोफेसरांना मी मूर्ख म्हटलेलं नाही. "शाळेतली पोरं हा अर्थशास्त्राचा विषय नाही. प्रबंधाचा विषय बदल, नाहीतर फी भरून नवा अर्ज कर," असं ते म्हणाले, आणि नाबविरे, तू खाली मान घालून "हो सर" म्हणालीस. राग आहे तो त्याचा.

असो. मी, एगेसा ओजियाम्बो, वय सव्वीस, राहणार बुसिया, हल्ली दोहा. उंच इमारतींच्या काचा दोराला लटकून पुसतो. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कुणी दटावलेलं नाही. परवा शेजारच्या इमारतीवर एकाचा दोर सुटला, म्हणून हे मृत्युपत्र आताच लिहून ठेवतो.

एक. अंगणातली सिम्बा, म्हणजे वयात आलेला मुलगा बांधतो तशी मी स्वतः बांधलेली झोपडी, टेबलासकट बहीण नाबविरेला. मांगेनीकाका म्हणतील, "पोरगी भावाच्या सिम्बेत राहणार? लोक हसतील." हसू देत.

दोन. सायकल आईला. मांगेनीकाकांना फक्त पंप. कारण लिहितो. मी लहान असताना काका शाळा समितीचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्राचे संशोधक आले. पुस्तकं कुठल्या शाळेला द्यायची, यासाठी चीफच्या, म्हणजे आमच्या सरकारी गावप्रमुखाच्या, सभेत टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. काकांच्या हाताला कोरी लागली. म्हणजे आम्हाला पुस्तकं नाहीत, नुसत्या परीक्षा, तुलनेसाठी. काकांनी गुपचूप आपली पोरं नदीपलीकडच्या पुस्तकवाल्या शाळेत घातली, आणि त्यांचं बघून निम्मं गाव तिकडे गेलं. तिथे एका पुस्तकावर पाच डोकी. निकाल घसरला. संशोधकांनी लिहिलं, पुस्तकांनी फरक पडत नाही.

ते अर्थशास्त्र होतं, कुणी शंका घेतली नाही. आता तू विचारतेस, आईबाप कुठलं पोर शाळेत ठेवतात, कुठलं काढतात आणि का, तर म्हणे शिक्षणशास्त्राच्या खात्यात जा.

फोनवर तू म्हणालीस, "दादा, सरांचंही अगदीच खोटं नाही. पोर वर्गात कसं शिकतं, ते किमतीच्या तक्त्यात सापडत नाही."

"मग तू काय शोधतेस?"

"तेच तर. मला दोन्हीकडचं लागतं."

"मग हे सरांना सांग."

"तुला काय जातंय बोलायला? तू लटकतोस चाळिसाव्या मजल्यावर. माझ्या डोक्यावर सर बसलेत."

खरं आहे. मी सहावीपर्यंतचा. पण बाबांनी बैल विकला तेव्हा पैसे एकाच पोराच्या फीपुरते होते. दिवसभर ते दारात बसून राहिले, जेवले नाहीत. मग म्हणाले, "एगेसा, तू अंगाने धडधाकट आहेस." तू आत अभ्यास करत होतीस. तो हिशोब कुठल्या खात्यात बसतो, ते सरांनी सांगावं. बाबांना विचारायला कुणी आलं नाही, आणि आता बाबा नाहीत. आई आहे. तिला तरी तू विचार.

तीन. चहाच्या निर्यातीचा सोपा विषय घेतलास, तरी सिम्बा तुझीच. अट घालत नाही. टेबल मात्र मग आईला दे, भाजी चिरायला.

साक्षीदार, दोघे खोलीतले सोबती: विन्सेंट सिमियू ("सही करतो, पण गेलास तर उशी माझी"), किप्रोनो लागात.

सही: एगेसा ओजियाम्बो
दोहा, १४ मार्च २०२४

सोबत, तोच विषय पुन्हा मांडायची फी पाठवतो: अठरा हजार शिलिंग.