तो वाण, ते वाण, ती वाण

ता. ४ जानेवारी १९४७, पाथर्डी

संक्रांत तोंडावर. शिवायच्या चोळ्यांचा ढीग पडलाय. कापड रेशनवर, पण बायकांची हौस थोडीच रेशनवर असते! बेतण्यासाठी जुनी रद्दी कापत होतो. यमूनं त्यातला एक तुकडा उचलला नि वाचत बसली. भाद्रपदात जावई तापानं गेला, लेक माघारी आली, तेव्हापासून अक्षराकडं बघितलं नव्हतं तिनं. खाणंही चिमणीचं.

कागदावर कविता. 'उगा नसे तुझे येणे, वाण शोधीत जा, जिवा.' पुढचं कडवं माझ्याच कात्रीनं बगलेच्या गोलाईत खाल्लेलं.

"आबा, इथं वाण म्हणजे हो काय?"

इतक्या दिवसांत पोरीनं आपणहून काही विचारलं! हरखलो. म्हटलं, बाजरीचा वाण असतो ना, तसा माणसाचाही. कुणी हलक्या रानात येतो, कुणी भारी. आपला वाण ओळखावा नि रुजावं. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेला मी, पण अर्थ बरा लागला असं वाटलं. अर्धी भाकर खाल्ली तिनं.

ता. ६

चूल पेटवता पेटवता यमू म्हणाली, "उगवून आलं नि गारांनी झोडपलं, तर वाण चांगला होता म्हणून काय करायचं, आबा?"

मशीनला तेल घालत बसलो. कालच घातलं होतं.

ता. ९

शेजारची मैनाआक्का चोळी न्यायला आली. मी आपला कौतुकानं कवितेची ओळ नि बाजरीचा अर्थ सांगत होतो. हसून लोळायची बाकी राहिली.

"व्हय भाऊ, बाजरी कुठली पेरली मधीच? वान म्हंजी संक्रांतीला सवाशिनी लुटत्यात ते! येवढं बी कळंना, आन म्हनं शिंपी लई वाचतोय!"

मीही हसलो. अर्थ चोख होता. जीव जन्माला आला तो काही लुटायला, द्यायला. मान वर केली तर आतल्या दारात यमू, हातात पाण्याचा तांब्या.

आक्कानं जीभ चावली. "न्हाई गं माय, मी आपली येड्यावानी..."

"पाणी घ्या, आक्का." तांब्या ठेवून आत गेली.

कविता म्हणते वाण शोध, गाव म्हणतं तुला वाण नाही. आणि ती ओळ तिच्यापुढं वाचून दाखवणारा मीच. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

ता. १४, संक्रांत

आळीतून दिवसभर बायकांची ये-जा. सगळ्यांच्या अंगात मी शिवलेल्या चोळ्या. आमच्या ओट्यापाशी आल्या की बोलणं हळू होई. यमूनं दार लोटून घेतलं. तिळगूळ दिला, म्हटलं गोड बोल पोरी.

"कुणाशी?"

हिची आई असती तर... पण तिलाही काय सुचलं असतं!

ता. १७

पेन्शनीतले गुरुजी कोटाची बाही उसवली म्हणून आले. त्यांना ओळ दाखवली. चष्मा पुसून म्हणाले, "अहो, तो वाण म्हणजे जात, ते वाण म्हणजे भेट, ती वाण म्हणजे उणीव. कशाची वाण नाही, म्हणतो ना आपण? या ओळीत तिन्ही बसतात. कोणतं ते कवीनं कळूच दिलेलं नाही."

तिसरा अर्थ सापडला म्हणून लहान पोरासारखा आत धावलो. म्हटलं, यमे, आक्काचं मनावर घेऊ नको, उणीव शोध असं म्हणायचंय कवीला!

धुणं पिळत होती. पिळता पिळता थांबली. "ती शोधावी लागते का, आबा?"

बोलण्याआधी माणसानं जीभ बेतून घ्यावी. कापड तरी दोनदा मापतो मी.

ता. २१

कालपासून नुसत्या पाण्यावर. आक्का आमटी घेऊन आली, तशीच परत नेली. रडली बिचारी. "मारा हो मला, पन खा म्हनावं पोरीला." यमू तिलाच समजावत होती. स्वतःला मात्र...

कामात मन नाही. दोन बाह्या उलट्या लावल्या.

ता. २४

दोन घास ताकभात. पण विहिरीवर गेली की यायला वेळ लावते. मी आपला ओट्यावर येऊन उभा राहतो, सुई-दोरा हातात, जसा काही उजेडच बघतोय.

ता. २८

उद्या रथसप्तमी. हळदीकुंकवं संपतील, एवढंच बरं.

दुपारी यमू मशीनजवळ येऊन बसली. कितीतरी वेळ टाके बघत होती. मग म्हणाली, "सगळ्यांचे अर्थ झाले. तुमचं वाण कोणतं, आबा? खरं सांगा."

ओठावर आलं होतं, तूच गं. पण वाटलं, हे सांगणं म्हणजे 'माझ्यासाठी जग' असं म्हणणं. आधीच वाकलेल्या पोरीच्या पाठीवर म्हाताऱ्याचं गाठोडं कशाला? म्हणालो, "मी आपला शिंपी. चोळ्या शिवायच्या."

ती म्हणाली, "मग मलाही शोध म्हणू नका."

उठली नि आत गेली. मी हाक मारणार होतो, तोंडात दोरा होता. दोऱ्याचं निमित्त.

खोटं बोललो का मी? उद्या पुन्हा विचारलं तर सांगेन, ओझं होवो नाहीतर काही होवो. विचारलं तर.