हेदरच्या फ्रीझरमधले पेढे

बेस्ट, नेदरलँड्स, शनिवार

तीर्थरूप बाबांना सप्रेम जय भीम,

मी मजेत आहे. थंडी अजून सोसवते.

आज उजाडायच्या आत शेजारच्या हेदरकडे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची फायनल पाहिली. ती मूळची मेलबर्नची. गळ्यात वडिलांचा जुना मफलर. मला वाटलं, हिचाच संघ खेळतोय, म्हणून पेढे नेले. तर तिचा सेंट किल्डा फायनलमध्ये नव्हताच!

बाबा, दीडशे वर्षांचा क्लब आणि अजिंक्यपद एकच, १९६६चं, तेही एका गुणानं! तिचे वडील तेव्हा मैदानात होते, ती जन्मलीही नव्हती. २०१०ला फायनल बरोबरीत सुटली, आठवड्यानं पुन्हा खेळले आणि हरले. तरी ही बाई दरवर्षी पहाटे मफलर घालून बसते. पेढे तिनं फ्रीझरमध्ये ठेवले. म्हणाली, "आम्ही जिंकलो की खाऊ."

ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही मंडळाची कबड्डी बघायला जात नाही, असं आई सांगत होती. "आता काय जिंकतात ते!" असं म्हणालात म्हणे. बाबा, आपलं मंडळ एकदाच जिंकलं, ते तुम्ही पाहिलंत. मी तेव्हा जन्मले नव्हते. पुढच्या वेळी मला तुमच्या शेजारी बसायचंय.

गोळ्या चुकवू नका.

तुमची,
धम्मदीपा