अनुभव असल्यास बरे

मंगळवार, ५ नोव्हेंबर १९५७. डोंबिवली.
आजपासून रोजनिशी. कुणाच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे ठेवणार. ही रोज तिथे हात घालते, पण तिला वाचनाची आवड नाही.

आज ठाण्याच्या कोर्टात आमच्या मलंग मोटर ट्रान्सपोर्टच्या केसची तारीख होती. धाकू ड्रायव्हर उन्हाळ्यात शीळफाट्याजवळ विटांचा ट्रक घेऊन खड्ड्यात गेला, पाय मोडला. सलग दिवसरात्र गाडी चालवत होता म्हणे, डोळा लागला. त्याच्या वकिलाने आमची जुनी जाहिरात भर कोर्टात वाचून दाखवली: 'ड्रायव्हर पाहिजे. रात्रंदिवस गाडी हाकण्याची हौस असलेला, झोपेचा लोभ नसलेला.' वाक्य माझं. हेडक्लार्क या नात्याने कंपनीच्या सगळ्या जाहिराती मीच लिहितो. न्यायाधीशसाहेबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. चांगल्या वाक्याचं असंच होतं. मालक काळुराम शेठ कल्याण येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसले. भारावले असावेत.

कोर्टाच्या पायऱ्यांवरून धाकूला हात देऊन उतरवत कोण होता, तर उत्तम कदम. आमचा बुकिंग क्लार्क. जिथे चार माणसं बघतात तिथे हा आधी हजर.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
शेठनी धाकूला भरपाई द्यायचं कबूल केलं. मला बोलावून म्हणाले, "गुप्ते, ह्या कय लिवून ठेवलाय तुमी?" यापुढे प्रत्येक जाहिरात छापायला जाण्याआधी ठाण्याच्या हेमा दिघे वकिलांना दाखवायची. बाई वकील.

दुपारी बाई ऑफिसात आल्या. कायद्याने ड्रायव्हरने सलग पाच तासांवर आणि दिवसात नऊ तासांवर गाडी चालवायची नाही, असं मला समजावलं. मी म्हणालो, मला ठाऊक आहे, जाहिरातीत सक्ती नव्हती, फक्त हौस होती. त्या म्हणाल्या, "गुप्ते, जाहिरात म्हणजे कंपनीने दिलेला शब्द असतो." बरं वाक्य आहे. मला उद्यापर्यंत सुचलंच असतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर.
मोठी बातमी. ड्रायव्हरांचे तास, विश्रांती, गाड्यांची तपासणी बघायला कंपनी सुपरवायझर नेमणार. वशिला नको, पेपरात रीतसर जाहिरात द्या, असं शेठ म्हणाले. जाहिरात लिहिणार मी. म्हणजे जागा कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको. फक्त अटी अशा हव्यात की त्या पूर्ण करणारा माणूस ठाणे जिल्ह्यात एकच निघावा.

कदमचा धोका आहे. ड्रायव्हर त्याला 'दादा' म्हणतात, मला 'ओ हेडक्लार्क'. शेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. माझ्या खांद्यावर एकदाच ठेवला होता, तेव्हा पायरी उतरत होते.

हल्ली जाहिरातीत 'टायपिंग येत असल्यास उत्तम' असं लिहितात. हा कदम आल्यापासून मी तो शब्द सोडला. 'असल्यास बरे' लिहितो. भाषेला काही कमीपणा येत नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.
पहिला मसुदा तयार. वय चाळीस ते पंचेचाळीस (कदम एकतीसचा). कल्याण-डोंबिवलीकडचा राहणारा, घाटावरचा नसावा (कदम साताऱ्याकडचा). घरंदाज. अक्षर वळणदार. मिशी नसावी.

कदमची मिशी प्रसिद्ध आहे. अडचण एवढीच की मलाही आहे. पण मोठ्या कामासाठी लहान त्याग करावा लागतो. उद्या न्हाव्याकडे.

बुधवार, १३ नोव्हेंबर.
मिशी काढली.  हिने विचारलं, "अहो, सुतक आहे का कुणाचं?" धाकटी रडली.

शनिवार, १६ नोव्हेंबर.
मसुदा परत. प्रत्येक अटीखाली लाल पेन्सिलीने एकच शब्द: कशासाठी? मिशीखाली दोन रेघा.

बाईंचा निरोप होता: वय, गाव, घराणं, चेहरा यांनी ट्रक चालत नाही. आणि 'पगार योग्यतेनुसार' चालणार नाही, पगार किती तो स्पष्ट लिहा, कामाचे तास लिहा.

कायद्याचं शिक्षण घेतलं की माणसाला सूक्ष्म गोष्टी दिसेनाशा होतात.

रविवार, १७ नोव्हेंबर.
कदम सकाळी घरी आला. गावाहून आणलेली काकवी घेऊन. म्हणाला, "साहेब, मिशी काढली व्हय? तरुण दिसाय लागलासा." सरळसरळ टोमणा. हिने त्याला पोहे केले, वर खोबरं. मला शुक्रवारी केले होते, खोबरं नव्हतं.

तो गेल्यावर ही म्हणाली, माणूस लाघवी आहे हो. मी म्हणालो, काकवीत भेसळ असते. खात्री करायला दोनदा खाल्ली.

बुधवार, २० नोव्हेंबर.
दुसरा मसुदा. या वेळी कायद्याला धक्का नाही. 'उमेदवार कुटुंबवत्सल असावा. मुले किमान चार.' कदम सडाफटिंग. मला चार आहेत, देवाच्या कृपेने.

बाईंकडे जाण्याआधी शेठनीच वाचला. विचारलं, "ट्रकचं बारसं करायचंय का?" सगळं ऑफिस हसलं. कदम हसला नाही, खाली बघत राहिला. न हसून भाव खायची ही त्याची रीत.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.
टिटवाळ्याला गणपतीला जाऊन आलो. सुपरवायझर झालो तर एकवीस मोदक. रांगेत माझ्या पुढेच कदम. धाकूच्या पायासाठी आलोय म्हणाला. देवापुढेसुद्धा हा माझ्या आधी.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर.
शेठनी मला ठाण्याला बाईंच्या ऑफिसात पाठवलं. जाहिरात पक्की करूनच या, म्हणाले. बाईंनी चहा मागवला. म्हणाल्या, "माणूस कसा हवा ते राहू दे. या सुपरवायझरला सकाळपासून काय काय करावं लागेल, तेवढं सांगा. त्यातून जे लागेल तेच लिहू."

मी सांगू लागलो. पहाटे गाड्या सुटायच्या आधी हजर राहायचं. ड्रायव्हर झोपून आलाय का ते बघायचं. नसेल तर गाडी दुसऱ्याला द्यायची आणि त्याला घरी पाठवायचं, पण चारचौघांत नाही. माल जास्त भरला तर शेठचा असला तरी उतरवायला लावायचा. बाई भराभर लिहीत होत्या. मलाच नवल वाटलं, किती बारीक माहिती आहे मला.

ठाणे स्टेशनच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं, हे सगळं कदम रोज करतो. बुकिंग क्लार्कचं ते काम नाही, तरी करतो. मी खिडकीतून बघत असतो. मागे फिरलो, पण ऑफिस बंद झालं होतं.

सोमवार, २ डिसेंबर.
जाहिरात छापून आली. सहा ओळी. काम, तास, पगार, मालवाहतुकीचा अनुभव, अर्ज कुणीही करावा. वय नाही, गाव नाही, घराणं नाही. यात माझं असं काहीच उरलेलं नाही, फक्त 'असल्यास बरे' एवढं. 'मराठीशिवाय गुजराती येत असल्यास बरे.' मला येत नाही. कदमला येतं की नाही ते विचारायचं राहिलं.

गुरुवार, ५ डिसेंबर.
त्याला येतं.

सोमवार, ९ डिसेंबर.
मी अर्ज दिला. कदमने दिलेला नाही. चहाच्या वेळी सहज विचारलं, तर म्हणाला, "तुमच्यासारखा शिनियर माणूस असताना मी कशाला मधी पडू?" म्हणजे पराभव आधीच मान्य. मन मोठं करून त्याला चहा पाजला. संध्याकाळी नवीन टोपी घेतली.

मंगळवार, १० डिसेंबर.
ड्रायव्हर मंडळी धाकूला पुढे घालून शेठकडे गेली. दादांना अर्ज करायला सांगा, आमचं ते ऐकत नाहीत. धाकू कुबडीवर उभा राहून म्हणाला म्हणे, "उन्हाळ्यात मला घरी धाडणारा कुणी असता तर मी आज दोन पायांवर आलो असतो." त्या आठवड्यात कदम गावी होता. त्याच्या बदली गाड्या कुणी सोडल्या होत्या ते कुणी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. ऑफिसात काम फार असतं.

मुदत संपायच्या आत कदमचा अर्ज आला.

शनिवार, १४ डिसेंबर.
मुलाखती. समोर शेठ आणि दिघेबाई. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. बाईंचा आग्रह. मला विचारलं, थकलेला ड्रायव्हर 'मी जातो' म्हणून हट्ट धरतो, तुम्ही काय कराल? मी म्हणालो, त्याच्या नावे कडक मेमो काढीन. भाषा कशी असेल तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "आणि गाडी?" मेमो टाइप होईपर्यंत गाडी थांबेलच, असं मी म्हणालो. एकंदरीत छाप पडली.

कदम आत फार वेळ होता. ज्याला उत्तरं येत नाहीत त्याला वेळ लागतो.

सोमवार, १६ डिसेंबर.
कदम.

बुधवार, १८ डिसेंबर.
अन्याय झाला असं म्हणायला जागा शोधतोय. जाहिरात माझ्याच हातची असल्याने जड जातंय.

मिशी परत येतेय, पण पांढरी.

सोमवार, ६ जानेवारी १९५८.
कदमची बुकिंग क्लार्कची जागा रिकामी. जाहिरात लिहा, शेठ म्हणाले. अंगात उत्साह नव्हता. काम काय, तास किती, पगार किती, लिहितावाचता आणि हिशेब करता यायला हवं. चार ओळी खरडल्या आणि दिल्या. दिघेबाईंकडून तशीच परत आली. एकही लाल खूण नाही. उलटूनही पाहिली. वाचली नसावी.

शनिवार, १८ जानेवारी.
बुकिंग क्लार्कच्या मुलाखती. बाकावर सगळे पुरुष आणि शेवटी एक बाई, मानपाड्याच्या तुळसा पाटील. सातवी पास. नवरा वारल्यापासून दिराच्या घरी राहतात. शिपाई म्हणाला, बाई, ही ट्रकची कंपनी आहे. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "ठावं हाय. पेपरात पुरुष पायजे असं लिवलं नव्हतं, म्हणून आले. आजवर सगळीकडं लिवलेलं असतं."

खरं म्हणजे मी विसरलो होतो. दरवेळी 'पुरुष' लिहितो.

त्यांचा हिशेब बिनचूक निघाला. शेठ थोडे घुटमळले, मग दिघेबाईंकडे बघून जागा त्यांना दिली. तुळसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, ती जाहिरात लिहिली कुणी?

मी घसा साफ केला. टोपी सरळ केली. तेवढ्यात कदम म्हणाला, "आमच्या गुप्तेसाहेबांनी. एक शब्द जादा नाही त्यात. ज्या जाहिरातीनं मला सुपरवायझर केला तीबी त्यांचीच."

तुळसाबाईंनी मला हात जोडले. पण बाकी सगळे बघत होते कदमकडे. शेठनी पुन्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे मी सांगणार होतो. मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हातातली पळी तशीच धरून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "किती मोठ्या मनाचा माणूस."

मी विचारलं, कोण.

ती म्हणाली, कदम.