चांगुणाच्या शाळेला रेडिओ

२ ऑक्टोबर १९७२, भोसरी
सुट्टी. नवी वही आणली. आजपासून रोज लिहायचं. कंपनीतले मोठे इंजिनियर डायरी ठेवतात आणि मी त्याच लाइनीतला. आमच्याकडं रेडिओ बनतात. आतलं वायरिंग वरच्या हॉलमध्ये, बाहेरची लाकडी पेटी खाली आमच्याकडं. मी पेटीला पॉलिशपेपर मारतो. म्हणजे अर्धा रेडिओ इंजिनियर झालोच. बाहेरचा अर्धा.

घरून कार्ड आलं. अक्षर चांगुणाचं. माझी धाकटी बहीण, सहावीत आहे. वडील गेले तेव्हा मी पाचवी सोडली, आता घरात शिकणारी ती एकटीच. लिहिती की पाऊस गेला, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाती. "दादा, आई म्हणती तू बी चल कामाला. एक दिवस ये आन आईम्होरं म्हण, ही शिकंल. आई तुझं ऐकती."

ऐकती, हे खरं. पण नुसतं जाऊन काय होणार? शाळाच अशी पाहिजे की आईनं स्वतः हाताला धरून पाठवावी. म्हणजे शाळेला रेडिओ पाहिजे. प्लॅन करायचा.

५ ऑक्टोबर
प्लॅन केला. पाचवी ते सातवी, तीन वर्ग एका ओसरीत. रेडिओ मधल्या खांबाला. सोमवारी भूगोल, मंगळवारी विज्ञान, बुधवारी थोरांची चरित्रं. गुरुजींनी फक्त बटण फिरवायचं. छडी बंद. लाइट नाही, म्हणून बॅटरीचा. तिच्या शाळेतल्या तात्याराव गुरुजींना पोस्टानं पाठवला, एक प्रत मला.
दोन दिवस डायरी राहिली ती प्लॅनमुळं.

८ नोव्हेंबर
दिवाळीची चार दिवस सुट्टी होती. गेलो नाही. रिकाम्या हातानं कसं जाणार? मागच्या खेपेला गावाजवळच्या माकणीच्या स्टँडवर सगळ्यांना सांगून आलोय, मी रेडिओ बनवतो म्हणून. वरच्या हॉलमधल्या वीरप्पाला प्लॅन दाखवला. तो उमरग्याकडचा, वायरी जोडतो. म्हणाला, "तुझी भैन रेडिओ मागती का तुला मागती रे?"
वीरप्पा मनानं चांगला आहे, पण त्याला प्लॅनिंग कळत नाही. भंगारातले पार्ट गोळा करून देतो म्हणाला.

१९ डिसेंबर
चांगुणाचं कार्ड. "अक्षर वाकडं आलंय, हाताला फोड आलेत." बघा! एवढं लिहून घेतात. शाळा सुधारली. दुपारी खायला सरकारी सुकडी पण मिळती म्हणे. उत्तर लिहिलं की टाकाला चिंधी गुंडाळ, फोड येणार नाहीत.
खाली बारीक अक्षरात होतं, "गुरुजी म्हणले संक्रांतीपत्तुर घरचं कुणी येऊन बोललं तर नाव ठिवतो."
म्हणजे डेडलाइन मिळाली. संक्रांतीच्या आत रेडिओ तयार. निश्चय.

१४ जानेवारी १९७३
संक्रांत. रेडिओ तयार आहे, फक्त बोलत नाही. नुसता खरखर करतो, कढईत फोडणी घातल्यासारखा. मी मात्र पेटीला पॉलिशचा तिसरा हात दिला. तोंड दिसतं त्यात. वीरप्पा म्हणाला, तोंडच दाखवायचंय तर गावात जाऊन दाखव की, आज संध्याकाळची गाडी आहे. फोरमननं रजा पण दिली असती. विचारली नाही.
डेडलाइन थोडी पुढं गेली. हरकत नाही. शाळेच्या कामात संक्रांत म्हणजे होळीपर्यंत धरतात.

२० फेब्रुवारी
कार्ड. आई बरी आहे, विहिरीला पाणी नाही, शेळी विकली. शाळेबद्दल एक शब्द नाही, ये म्हणूनही लिहिलं नाही. म्हणजे सगळं सुरळीत चाललंय. ही पोरगी शहाणी झाली. प्लॅनवर विश्वास बसला तिचा.

१६ मार्च
बोलला! दुपारी दोन वाजता, स्पष्ट, शाळेचाच कार्यक्रम. एक बाई बेडकाच्या पोटातलं सांगत होत्या. मी सगळं ऐकलं. पाचवीत असंच कुणी सांगितलं असतं तर मी आज वरच्या हॉलमध्ये असतो. वीरप्पानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तोंड दुसरीकडं केलं.
एप्रिलच्या पगारानंतरची आठ दिवसांची रजा मागितली. फोरमननं लगेच दिली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१२ एप्रिल, गाव, शाळेची ओसरी, सकाळी साडेदहा
रात्री एसटीत रेडिओ मांडीवर धरून बसलो, मांडी अजून बधिर आहे. माकणीहून चालत आलो. घरी कुलूप, म्हणून सरळ शाळेत. शाळा सकाळची झालीय, अकराला सुटते. कार्यक्रम दोनला. हे प्लॅनमध्ये नव्हतं.
गुरुजींनी रेडिओला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पोरं टकामका बघत होती. मी बटणाला हात घातला, तर गुरुजींनी मनगट धरलं. "लायसन?"
रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागतं, हे मला माहीत होतं. मी पेटीवाला, म्हणून लक्षात राहिलं नाही.
"बिनलायसनचा वाजला तर माझी नोकरी जाईल बाबा." मग त्यांनी साहित्याचं रजिस्टर काढलं. रेडिओ लिहावा तर लायसनचा नंबर पाहिजे. म्हणून लिहिलं: लाकडी पेटी, पॉलिश केलेली, एक नग. कपाटात ठेवली, किल्ली जानव्याला बांधली.
सहावीच्या रांगेत चांगुणा दिसली नाही. विचारलं.
"नाव काढलं तिचं. सोळा जानेवारीला. संक्रांत झाल्यावर दोन दिस जास्तीची वाट बघितली म्या. तुझा प्लॅन आलता पोस्टानं. तू न्हाय आला."
शाळेत कधीपासून येत नव्हती, विचारलं.
"दिवाळीपासनं."

तोच दिवस, दुपार
खडीच्या कामावर गेलो. वाट दोन मैल. बाया ओळीनं बसलेल्या. चांगुणा ओळखू आली नाही आधी, डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. फोडांसाठी टाकाला चिंधी गुंडाळ, असं मीच लिहिलं होतं.
आई म्हणाली, "आता कशाला आलास? म्याच तिला म्हणलं व्हतं, दादाला सांगू नगं, तिकडलं काम सोडून यील म्हून."
मी काम सोडलं नव्हतं. एक दिवससुद्धा.
चांगुणानं हातोडी थांबवली नाही. विचारलं, "रेडिओ आणला व्हय, दादा? वाजला का?"
म्हणालो, वाजला. लई मोठ्यानं.
"हितवर आवाज न्हाय आला," म्हणाली. मग हसली. "इथं लई ठोकाठोक असती."
आईला म्हणालो, ही शिकंल. जे ऑक्टोबरात म्हणायचं होतं तेच शब्द, तसेच्या तसे. आई ऐकती माझं. म्हणाली, "व्हय रं बाबा. पर आता कुठं?" मुकादम ओरडला, मधी कोण हुबा हाय त्यो. बाजूला झालो.
गुरुजींकडं परत गेलो. घराला कुलूप, गुरुजी लोहाऱ्याला गेलेले. दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवली, नाव परत घाला.

२८ एप्रिल, भोसरी
रजेतले चार दिवस उरले होते तरी लवकर आलो. वीरप्पानं चहा सांगितला.
आज कार्ड आलं. अक्षर गुरुजींचं. सप्रेम नमस्कार, पेटी सुखरूप आहे, धूळ बसू देत नाही, अद्याप एकदाही बिघडली नाही. सातवीपर्यंतच्या मुलांना लांबून दाखवली. नाव परत घालण्याचं जूनमध्ये बघू, पण मुलगी यायला तयार पाहिजे.
पुढं लिहितात, "हे कार्ड चांगुणानंच लिहावं म्हणून टाक तिच्या हातात दिला. म्हणाली, गुरुजी तुमीच लिवा, टाक बोटात ठरत न्हाय."
शेवटी तिनं नाव तेवढं लिहिलंय. तीन अक्षरं. णा ओळीच्या खाली घसरलाय.
मी उत्तर लिहायला बसलो. पहिली ओळ सवयीनं लिहिली गेली: प्लॅन. ती खोडली.
कागद कोराच आहे.